उन्हात बघून घ्या

आमच्या घरी रविवारी दोन रस्से होत, एक तांबडा आणि एक पांढरा, आणि सात-आठ वर्षांचा होईपर्यंत तांबडा हे चवीचं नाव आहे अशी माझी समजूत होती. जिभेला झोंबतो तो तांबडा, झोंबत नाही तो पांढरा. पांढऱ्याला पांढरा का म्हणतात हे मला दिसत होतं. तांबड्याच्या वाटीत मात्र मला पावसाळ्यातल्या पंचगंगेच्या पाण्यासारखं काहीतरी गढूळ दिसायचं. आई चुलीपाशी भाकरी थापायची, त्या थापांच्या तालावर आण्णा, म्हणजे माझे वडील, वाटी तोंडाला लावायचे आणि पहिल्या घोटानंतर म्हणायचे, "आज रंग आलाय." मीही माझी वाटी तोंडाला लावून म्हणायचो, "रंग आलाय." समोर बसलेली आक्का मान खाली घालून हसायची. घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं, की या पोराला रस्सा कळतो, पण रंग कळत नाही.

तिला ते कळलं माझ्या एका चित्रामुळं. दुसरीत असताना मी झाड काढलं होतं, पानं तपकिरी आणि खोड हिरवं. बाईंनी चेष्टा समजून दोन छड्या दिल्या. मी घरी येऊन रडलो तर आक्कानं आधी चित्र बघितलं, मग मला बघितलं, आणि माझी खडूंची पेटी मागितली. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिनं एकेक खडू उचलून विचारला, मी एकेक नाव सांगितलं, आणि निम्मी नावं चुकली. दुसरं कोणी असतं तर आईला हाक मारली असती. आक्कानं वहीचा एक कागद फाडला, त्याच्या बारीक पट्ट्या केल्या, भाताच्या शितानं प्रत्येक खडूला एक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर त्या रंगाचं नाव लिहिलं. "वाचता येतंय न्हवं तुला?" ती म्हणाली. "मग झालं की." मी पुस्तकी माणूस झालो त्याचं मूळ लोक माझ्या कॉलेजात शोधतात. ते त्या शितांत आहे. इतर लोक रंग बघतात, मी तेव्हापासून वाचत आलो.

हे सगळं चालून गेलं असतं, जर आण्णांचं किराणा मालाचं किंवा भांड्यांचं दुकान असतं. पण आमचं दुकान होतं मॅचिंग सेंटर. महाद्वार रोडपासून आत गेलेल्या एका बोळात, तीन पायऱ्या चढून. बाई नवी साडी घेते, मग त्या साडीच्या रंगाचा ब्लाऊजपीस, त्याच रंगाचा परकर, त्याच रंगाचा फॉल घ्यायला आमच्याकडं येते. आम्ही रंगाशिवाय दुसरं काही विकतच नव्हतो असं म्हटलं तरी चालेल, कापड हे नुसतं निमित्त. आणि या धंद्याचा मी एकुलता एक वारस. देवाला विनोद करायची हुक्की येते तेव्हा तो कोल्हापुरात येत असावा.

दुकानाच्या तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कप्पे, आणि कप्प्यांत उभे तागे. राणी, डाळिंबी, आमसुली, वांगी, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, अबोली, विटकरी, श्रीखंडी. नावं मला तोंडपाठ होती आणि फार आवडायची. आमसूल मी आमटीत ओळखत होतो, वांगं भाजीत, पण तागा होऊन ती समोर उभी राहिली की सगळी एका आईची लेकरं दिसायची. निळा आणि पिवळा तेवढे माझे सख्खे मित्र होते, ते कधी फसवायचे नाहीत. बाकीच्यांशी नुसती नमस्काराची ओळख. दुपारी गर्दी नसली की दुकानात फक्त पंख्याचा आवाज असे, आणि गिऱ्हाईक आलं की ताग्याचं धप्प, मीटरपट्टीचं खट्, आणि कात्रीनं एक चीर देऊन कापड हातानं फाडल्याचं लांबलचक चर्र. त्या चर्र आवाजाला मी घाबरायचो. फाडलेलं कापड परत घेता येत नाही.

आण्णांना त्यांच्या नजरेचा फार अभिमान होता. इतर दुकानांतून बायका तागा उचलून बाहेर उन्हात नेत, साडीशेजारी धरून बघत, मग पसंत करत. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात हे सगळ्या बाजाराला ठाऊक. आमच्या दुकानात ती पद्धत नव्हती. कोणी साडी घेऊन पायरीकडं वळली की आण्णा गादीवरूनच म्हणायचे, "ताई, आमच्यात उन्हात जावं लागत न्हाय. आण्णानं दिला म्हंजे जमला." आणि खरोखरच जमलेला असे. रंग हातात धरायचा नसतो, डोळ्यांत धरायचा असतो, असं ते मला सांगत. मी मान हलवत असे. माझ्या डोळ्यांत त्या वेळी बहुधा काउंटरखाली उघडी ठेवलेली कादंबरी असायची. त्या कादंबऱ्यांतल्या नायिका वारंवार लाजून लाल होत. प्रत्यक्षात कोणी माझ्यासमोर लाजून लाल झालंच असेल, तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. माझं लग्न उशिरा झालं त्याचं एक कारण हेही असावं.

मी शाळा-कॉलेज सांभाळून दुकानात बसत होतो त्या चार वर्षांत आण्णांना काहीच कसं कळलं नाही, असं आता माझी सून विचारते. त्याचं उत्तर आक्का. ती बी.ए. होऊन दुकानात बसायला लागली होती आणि गिऱ्हाइकानं साडी उलगडली की मोठ्यानं हुकूम सोडायची, "दिनू, डाळिंबी दे. डाव्या भिंतीला, खालनं तिसरा कप्पा, दुसरा तागा." आण्णांना वाटे, पोरगी फार तोंडाळ आहे, भावाला नाचवते. एकदा त्यांनी सुनावलंही, "सुमे, त्यो काय आंधळा हाय का? सापडतंय त्याला." आक्का म्हणाली, "पुस्तकात डोकं असतंय त्याचं आण्णा, हितं नसतंय." तिनं मला आळशीपणाचा डाग लावला, म्हणजे दुसरा डाग दिसू नये. मी आळशी होतोच, त्यामुळं कोणाला संशय आला नाही.

जो रंग कप्प्यांत सापडत नसे तो हसनचाचा रंगवून देत. चाचा जुने रंगारी. दोन बोळ पलीकडं त्यांच्या अंगणात चुलींवर पितळी पातेली उकळत असायची आणि तारांवर ओली कापडं ठिबकत असायची. हात कोपरापर्यंत रंगलेले, कोणत्या रंगानं ते मला विचारू नका. पांढरं कापड आणि साडीचा नमुना घेऊन जायचं आणि रंगलेलं कापड आणायचं, हे काम माझं. चाचा कापड वाळलं की माझ्यापुढं धरत, "बघ दिन्या, जमला का?" आणि मी डोळे बारीक करून, मान एका बाजूला कलती करून, जाणकारासारखा थोडा वेळ थांबून म्हणे, "एकदम जमला, चाचा." त्या थोडा वेळ थांबण्याची मी आरशासमोर सवय केली होती. आज आठवलं की कान तापतात. तेही लाल होत असणार.

लग्नसराईतल्या एका दुपारी कसबा बावड्याच्या एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, शालू डाळिंबी, पण असा काही डाळिंबी की आमच्या भिंतीवर त्याचा भाऊबंद नव्हता. आण्णांनी कापड चाचांकडं दिलं होतं. मावशी दुकानात बसल्या आणि मी ते आणायला गेलो. चाचांनी एक वाळलेलं कापड नमुन्याशेजारी धरलं.

"जमला?"

मी थांबलो, मान कलती केली. "एकदम जमला."

त्यांनी ते फळीवर ठेवलं, दुसरं उचललं. "आन ह्यो?"

"ह्यो बी जमलाय की."

चाचांनी तेही फळीवर टाकलं आणि ते चुलीपाशी उकिडवे बसले. "दिन्या, ह्यातला एक मेहंदी हाय. शेवाळावानी हिरवा. मी मुद्दाम धरला."

पातेल्यात पाणी खदखदत होतं.

"तुझा बाप परवा हितं, ह्या फळीवर बसून रडला," चाचा म्हणाले. "पोरगी तिसरं स्थळ न्हाय म्हणली म्हणून. गडहिंग्लजचं, मास्तर हाय, घर चांगलं, मागणं त्यांचंच. मी तिला इचारलं, का गं बाई? तर म्हणती, चाचा, मी गेल्यावर दिनूचं दुकानात कसं हुईल? मला उलगडा हुईना. दुकानात तुझं काय व्हायचं राहिलंय? म्हणून आज बघितलं." त्यांनी हात धडप्याला पुसले. तेवढ्यात अजान झाली. उठता उठता ते म्हणाले, "लेकरा, रंग न्हाय दिसत ही काय चोरी न्हाय. पर बहिणीला डोळं म्हणून वापरतोस, ती चोरी हाय." आणि ते नमाजाला गेले.

मी फळीवरच्या दोन कापडांतलं एक उचललं आणि निघालो. त्या दोन बोळांतून मी कसा चाललो मला आठवत नाही. एवढंच आठवतं की स्थळं आली आणि मोडली ती तिन्ही वेळा मी मनातून खूश झालो होतो. मला वाटलं होतं, आक्काला घर सोडवत नाही. माझ्यासारख्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला माणसाच्या मनातलं तेवढंच कळत होतं, जेवढं ताग्यातलं.

दुकानात पाच-सहा बायका होत्या. आण्णा गादीवर, आक्का शिडीवर, वरच्या कप्प्यात अस्तरं लावत होती. मावशींनी शालू मांडीवर उलगडून ठेवला होता. मी कापड त्यांच्या हातात दिलं.

"जमलाय न्हवं रं बाळा?" त्यांनी विचारलं.

शिडीवरून आक्का खाली बघायला लागली, काही तरी खूण करता यावी म्हणून. मी तिच्याकडं बघितलं नाही. "मला म्हाईत न्हाय मावशी," मी म्हणालो. "मला रंग दिसत न्हाईत."

"म्हंजे?"

"हिरवा, तांबडा, तपकिरी, मला सगळं सारखंच दिसतंय. जल्मापास्नं."

मग मावशी म्हणाल्या, "आगं बया! आन मॅचिंगचं दुकान?"

बायका हसल्या. आण्णा हसले नाहीत. त्यांना वाटलं मी टिंगल करतोय. त्यांनी शेजारचा तागा उचलून धरला. "ह्यो कुठला?"

"डाव्या भिंतीचा, वरनं दुसरा कप्पा," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"कप्पा न्हाय इचारला! रंग!"

"विटकरी?"

तो पोपटी होता. त्यांनी दुसरा धरला, मी शेवाळी म्हणालो, तो राणी निघाला. तिसऱ्याला बायकांनी हसायचं बंद केलं. आण्णांनी शेवटी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली. "आन ही?"

"पांढरी," मी म्हणालो. "ती येती मला."

कोणीतरी फिसकन हसलं. आण्णांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "चार वर्सं," ते हळू म्हणाले. आण्णा ओरडत तेव्हा मला भीती वाटत नसे, त्या दिवशी वाटली. "चार वर्सं बापाला फशिवलंस. डोळं असून मला बी दिसलं न्हाय." मग त्यांची नजर वर शिडीवर गेली. खालनं तिसरा, वरनं दुसरा, सगळं त्यांना एकदम ऐकू आलं असावं. "सुमे," ते म्हणाले, "ह्याच्यापायी व्हय?"

आक्कानं हातातलं अस्तर कप्प्यात नीट सरळ केलं, जे आधीच सरळ होतं.

"आक्काला गडहिंग्लजला जाऊ द्या," मी म्हणालो. "माझं मी बघतो." हे वाक्य दुकानभर ऐकू जाईल असं म्हणायचं मी ठरवलं होतं. प्रत्यक्षात ते शेवटी चिरकलं.

मधे पडल्या त्या मावशी. "आवं आण्णा, चिडताय कशापायी? आमच्या ह्यास्नी बी रंग कळत न्हाईत, पर ते कबूल करत न्हाईत. ह्या पोरानं खरं तरी सांगितलं. न्हायतर जो त्यो दुकानदार 'एकदम मॅचिंग' म्हणतोय." त्या उठल्या, शालू आणि कापड घेतलं आणि आण्णांची परवानगी न विचारता पायरीवर उन्हात गेल्या. आमच्या पायरीवर कापड घेऊन उभं राहिलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक. बाहेरून त्यांचा आवाज आला, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा.

"आरं देवा! ह्यो तर हिरवागार हाय!"

मी फळीवरून मेहंदी उचलून आणला होता. चाचांनी परीक्षेला रंगवलेला. दोनांतून एक निवडायचा होता, आणि तिथंही मी माझा लौकिक राखला.

आण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ते रडतायत, आणि मी काउंटरमागून पुढं झालो. ते हसत होते. दुकानात कधी दात न दाखवणारा माणूस टोपी तोंडाशी धरून हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळं थोडं रडतही असतील, त्याचा निवाडा मी केला नाही. शिडीवर आक्का हसत होती. हसू आवरल्यावर आण्णांनी टोपी घातली. "तू जमला म्हणला असतास, तर मीबी बघितलं नसतं," ते मला म्हणाले. "पोरगी हिरवा ब्लाऊज घालून मांडवात हुभी राहिली असती." मग सगळ्या बायकांकडं बघत, जाहीर केल्यासारखं म्हणाले, "उद्यापास्नं आमच्यात रंग गिऱ्हाइकानं बघायचा. पायरीवर. मग कात्री." त्यांच्यासारख्या माणसाला ते म्हणायला किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मीच सुटलो.

गडहिंग्लजचे लोक अजून थांबले होते. त्याच उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं. सासरी जायच्या आधीचे आठ दिवस ती हळदीच्या अंगानंही दुकानात येऊन बसे. प्रत्येक कप्प्याच्या लाकडी कडेवर तिनं पेन्सिलीनं नावं लिहिली, बारीक, गोल अक्षरात. एकेका रंगाच्या छटा होत्या त्यांना आकडे दिले, हिरवा एक ते हिरवा नऊ. आई ओरडली, हळद लागलेल्या पोरीनं शिडीवर चढू नये. आक्का शिडीवरूनच मला म्हणाली, "वाचता येतंय न्हवं? मग झालं की."

त्यानंतर पुढची सगळी वर्षं मी उघडपणे रंगआंधळा म्हणून मॅचिंग सेंटर चालवलं. गिऱ्हाईक आलं की आधी सांगायचो, बाई, मला दिसत नाही, उन्हात बघून घ्या. कापड, पोत, पन्हा, धुतल्यावर किती आटेल, यात मला कोणी हरवू शकत नसे, आणि रंगाबद्दल मी खोटं बोलूच शकत नव्हतो. धंदा त्यामुळं वाढला, हे सांगायला मला अजून लाज वाटते, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. रिक्षावाले आमच्या बोळाचा पत्ता 'आंधळ्याचं मॅचिंग' म्हणून सांगत. पोरं पायरीवरून विचारत, "काका, माझा शर्ट कुठला?" हा प्रश्न मला आयुष्यात किती वेळा विचारला गेला असेल आणि किती वेळा मी चुकलो असेन! आता नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, तेव्हा सून दर सकाळी समोर उभी राहून म्हणते, "मामंजी, ओळखा." मी मोबाईलवर आजचा रंग वाचून ठेवलेला असतो. ती म्हणते, बरोबर. तिलाही ठाऊक आहे, मलाही.

यंदा आक्का गेली. सकाळी भाच्याचा फोन आला. मुलगा गाडी काढायला गेला आणि मी शर्ट घालता घालता थांबलो, कारण आमच्याकडं रीत आहे. सवाष्ण गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची, आणि ती हिरवी. ती भावानं न्यायची.

मी बोळात पोचलो तेव्हा आमच्या दुकानासमोरचं साडीचं दुकान नुकतंच उघडत होतं. काउंटरवरची मुलगी नवी होती, मला ओळखत नव्हती. मी म्हणालो, हिरवी दाखव. तिनं दाखवली, मी घेतली. मग तिच्यावरचा ब्लाऊजपीस काढायला माझ्या दुकानाचं कुलूप काढलं आणि उजव्या भिंतीपाशी गेलो. बरेचसे तागे आता कंपन्यांच्या आकड्यांनी येतात, पण कप्प्यांच्या कडा मी कधी रंगवू दिल्या नाहीत. हिरवा चार, अंदाजानंच. अक्षर जरा पुसट झालंय. मी मीटरपट्टी लावली, पण कात्री घेतली नाही. आमच्यात आधी पायरी.

मी एका हातावर साडी आणि दुसऱ्या हातावर तागा घेऊन उन्हात उभा राहिलो. दोन्ही मला सारखेच दिसत होते, तेच पुराचं पाणी. समोरून एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालली होती. मी तिला हाक मारली. "ताई, जरा बघा की. हे दोन्ही हिरवंच हाय न्हवं? जमतंय का?"

तिनं पाटी सावरली, जवळ आली, कापडाचा पदर साडीवर ठेवून बघितला. "व्हय की, पावणं. एकदम जमलंय." मग हसून म्हणाली, "सकाळी सकाळी कुणाला घेतलीसा?"

"बहिणीला."

"नशीबवान हाय बया," ती म्हणाली आणि पुढं गेली.

मी आत आलो आणि कापड फाडलं.